घरी अभंग रेकॉर्ड करायचाय? आधी एकत्र बसा

प्रश्न चिपळूणहून आलाय. थोडक्यात असा: "मी गातो, मुलगी पेटी वाजवते, शेजारचे काका पखवाज वाजवतात आणि त्यांचा मुलगा टाळ धरतो. फोनवर रेकॉर्ड केलं की पेटी आणि टाळ सगळं गिळून टाकतात, माझा आवाज मागे राहतो. काकांना फक्त रविवारी वेळ असतो. एकेकाचं वेगळं रेकॉर्डिंग करून नंतर एकत्र करता येतं, असं ऐकलं. लॅपटॉप आठ जीबी रॅमचा आहे, पंचवीस हजार रुपये बाजूला काढलेत. काय घेऊ आणि सुरुवात कशी करू?"

मी गेली बावीस वर्षं पुण्यात रेकॉर्डिंगचं काम करतोय, त्यात भजन-अभंगाचा वाटा मोठा. त्यामुळे "काय घेऊ" याचं उत्तर पटकन देतो आणि "सुरुवात कशी करू" यावर जास्त वेळ घेतो. घरच्या रेकॉर्डिंगची गाडी बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रश्नावर अडते.

मल्टिट्रॅक म्हणजे प्रत्येक वाद्याला आणि आवाजाला स्वतःची वेगळी पट्टी. सगळ्या पट्ट्या एकाच वेळी वाजतात, पण पेटी कमी करायची असेल तर आवाजाला धक्का न लावता करता येते. काकांचा एक तुकडा चुकला तर तेवढाच पुन्हा घेता येतो. १९७९ मध्ये टॅस्कॅमने पोर्टास्टुडिओ आणला, तेव्हा साध्या कॅसेटवर चार ट्रॅक घरात मिळाले आणि लोकांना आकाश ठेंगणं झालं. तुमच्या लॅपटॉपवर तीस-चाळीस ट्रॅक सहज चालतील. तेव्हा लॅपटॉप बदलायचा विचारही करू नका.

आता खरेदी. सर्वात आधी दोन माइक लागतील असा ऑडिओ इंटरफेस घ्या, म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा डबा. फोकसराइटचा स्कार्लेट टू-आय-टू किंवा बेरिंगरचा यूएमसी २०२ एचडी, दोन्ही या कामाला पुरेसे आहेत. एकाच माइकचा इंटरफेस घेतलात तर सहा महिन्यांत पस्तावाल, कारण पखवाजाला दोन तोंडं आहेत. यूएसबीला थेट लागणारा माइक घेऊ नका. तो एकट्याने बोलायला ठीक आहे, पण त्याच्या जोडीला दुसरा माइक लावायचा म्हटलं की कटकटी सुरू होतात. माइक घेताना पहिला डायनॅमिक घ्या, शुअरचा एसएम ५७ किंवा ५८. ही दोन्ही मॉडेलं १९६० च्या दशकातली आहेत आणि आजही जगभरच्या स्टुडिओंत आणि मंचांवर रोज वापरली जातात. डायनॅमिक माइक जवळचं ऐकतो, लांबची रिक्षा आणि शेजारचा कुकर त्याच्या कानात कमी शिरतो. घरात हा मोठा फायदा आहे. कंडेन्सर माइक जास्त बारीक ऐकतो, त्याला इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण दाबून वीज द्यावी लागते, आणि तो तुमच्या खोलीचे सगळे दोषही तितक्याच बारकाईने टिपतो. तो नंतर घ्या. कोकणातल्या पावसाळ्यात त्याची जपणूकही करावी लागते: काम झालं की घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत.

हेडफोन कान पूर्ण झाकणारा, मागून बंद असलेला आणि वायरचा. ब्लूटूथ इथे अजिबात चालणार नाही, त्यात आवाज इतका उशिरा पोचतो की कुणालाही लयीत वाजवता येणार नाही. उरलेल्या पैशांत दोन एक्सएलआर केबल, एक भक्कम स्टँड आणि हेडफोन दोघांना वाटून देणारा छोटा डबा. दुसरा माइक सुरुवातीला मंडळाच्या साउंड सिस्टिमवाल्याकडून उसना आणा.

सॉफ्टवेअरसाठी मी रीपर सुचवेन. हलकं आहे, साध्या लॅपटॉपवर धावतं, साठ दिवस पूर्ण वापरून बघता येतं आणि नंतरचा वैयक्तिक परवानाही परवडतो. मॅक असता तर गॅरेजबँड फुकट होतं. इंटरफेससोबत येणारा त्याच्या कंपनीचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, मात्र आठवणीने टाका. विंडोजवर तो टाकला नाही तर पुढे सांगतो तो उशिराचा त्रास होणारच.

खोलीबद्दल. ज्या खोलीत कपड्यांची कपाटं, गादी, पडदे आहेत ती निवडा. बहुतेक घरांत ती झोपायची खोली असते. मधोमध उभं राहून एक जोरात टाळी वाजवा. टाळीनंतर भिंतींमधून बारीक 'टिर्रर्र' असा आवाज आला तर समोरासमोरच्या दोन भिंती उघड्या आहेत असं समजा. एका भिंतीवर जाड गोधडी टांगा, पुन्हा टाळी वाजवा. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचा उद्योग करू नका, त्यांनी काही होत नाही. आवाज शोषायला जाडी आणि वजन लागतं, ते गोधडीत आणि गादीत आहे. पंखा बंद. फ्रिजची घरघर ऐकू येत असेल तर तेवढा वेळ फ्रिज बंद, आणि तो पुन्हा सुरू करायची आठवण राहावी म्हणून गाडीची चावी फ्रिजमध्ये ठेवा. लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवा. घरच्या अर्थिंगमध्ये गडबड असेल तर चार्जरमधून येणारी गूं अशी घरघर प्रत्येक ट्रॅकवर बसते आणि नंतर काढताना आवाजाचंही थोडं मांस निघून जातं.

सेटिंग एकदाच करा आणि विसरा: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. पहिला आकडा सेकंदाला आवाजाची किती मापं घ्यायची त्याचा, दुसरा प्रत्येक माप किती बारीक त्याचा. याहून मोठे आकडे दिसतील, त्यांच्या मागे लागू नका. या हिशेबात एक मोनो ट्रॅक मिनिटाला साडेआठ एमबीच्या आसपास जागा खातो. सात मिनिटांचा अभंग आठ ट्रॅकवर घेतला तर अर्धा जीबी. टेक, म्हणजे पुन्हा-पुन्हा घेतलेली रेकॉर्डिंगं, वाढतील तसं ते वाढेल, म्हणून डिस्कवर वीस-पंचवीस जीबी मोकळे ठेवा.

२४ बिटचा खरा फायदा असा, की रेकॉर्डिंग लाल रेषेजवळ न्यावंच लागत नाही. सर्वसाधारण आवाज मीटरवर उणे अठरा डेसिबलच्या आसपास आणि सर्वात मोठा क्षण उणे आठ-दहाच्या खाली राहिला की झालं. गेन, म्हणजे माइकचा आवाज आत घेताना किती वाढवायचा ते, लावताना नवे लोक एक चूक हमखास करतात. सुरुवातीच्या संथ ओळीवर गेन ठरवतात. अभंग शेवटी गजरावर जातो, पखवाज उघडा वाजू लागतो, गळा दुप्पट उघडतो आणि सगळं फाटतं. डिजिटलमध्ये शून्याच्या वर गेलेला आवाज नीट दुरुस्त होत नाही. काकांना सांगा, "आधी गजर वाजवा," आणि त्यावर गेन लावा.

आता तो उशीर. तुम्ही गाता, आवाज इंटरफेसमधून लॅपटॉपमध्ये जातो, तिथून परत तुमच्या हेडफोनमध्ये येतो. या फेरीला वेळ लागतो. सॉफ्टवेअरमध्ये बफर नावाचा आकडा असतो, म्हणजे आवाजाची किती मापं साठवून मग एकदम पुढे पाठवायची ते. तो १०२४ असेल तर ४८ किलोहर्ट्झवर एका दिशेलाच २१ मिलिसेकंद जातात, जाऊन-येऊन चाळीसच्या वर. आवाज हवेतून एका सेकंदात सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे चाळीस मिलिसेकंद म्हणजे पखवाजी तुमच्यापासून जवळजवळ चौदा मीटर लांब बसलाय असं समजा. लांब दिंडीत मागच्या टाळकऱ्यांना मृदंग मागे पडल्यासारखा वाटतो, तेच इथे तुमच्या कानात होतं. उपाय दोन. रेकॉर्डिंग करताना बफर १२८ वर आणा, उशीर एका दिशेला तीन मिलिसेकंदांच्या आत येतो, जाऊन-येऊन पाच-साडेपाच, म्हणजे वाद्य दोन मीटरच्या आत. किंवा इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटण वापरा, मग तुमचा आवाज लॅपटॉपपर्यंत न जाता थेट कानात येतो. त्या वेळी सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं ऐकणं बंद ठेवायचं, नाहीतर स्वतःचा आवाज दोनदा ऐकू येईल. मिक्सिंग करताना, म्हणजे नंतर सगळे ट्रॅक एकत्र बसवताना, बफर पुन्हा वाढवा, लॅपटॉपला श्वास मिळतो.

इथवरचं कुठल्याही संगीताला लागू आहे. आपल्या संगीताची अडचण इथून पुढे सुरू होते.

मल्टिट्रॅकचे बहुतेक धडे सांगतात, पहिल्या ट्रॅकवर क्लिक लावा, म्हणजे मेट्रोनोमची टिक-टिक, आणि सगळ्यांनी तिच्यावर वाजवा. पाश्चात्त्य पॉपसाठी ते बरोबर आहे. अभंग तसा चालत नाही. धृपद एका लयीत सुरू होतं, कडव्यागणिक लय थोडी चढते, शेवटच्या कडव्यानंतर पखवाजी ठेका दुप्पट करतो, टाळ उसळतात. ही चढण कुणी मोजून देत नाही. गायक श्वास घेतो, पखवाजी त्याच्याकडे बघतो आणि दोघं एकत्र पुढे सरकतात. क्लिकवर गायलेला अभंग मी ऐकलाय आणि रेकॉर्डही केलाय. सगळे स्वर जागेवर, सगळ्या समा जागेवर, आणि मंडळींचा एकमेकांशी काही संबंध नाही.

म्हणून माझी पद्धत अशी. आधी सगळे एकाच खोलीत, नेहमीसारखे समोरासमोर बसा. एक माइक तुमच्यासमोर, दुसरा काकांच्या पखवाजाजवळ, आणि पूर्ण अभंग सलग म्हणा. पेटी दोन्ही माइकमध्ये शिरेल, टाळ सगळीकडे शिरतील, शिरू द्या. हे रेकॉर्डिंग कुणाला ऐकवायचं नाही. हा तुमचा गाइड. याच्यात जे आहे ते क्लिकमध्ये कधीच येणार नाही: तुमची चढणारी लय, कडव्याआधी घेतलेला ठहराव, आणि "आता गजर" म्हणून काकांनी दिलेली ती तिहाई. यानंतर प्रत्येक जण एकटा बसून वाजवेल, पण हेडफोनमध्ये त्याच्यासोबत जिवंत माणसं असतील.

गाइडच्या आधी तंबोरा. फोनवरचा असो की पेटीसारखा इलेक्ट्रॉनिक, पण आधी मुलीच्या पेटीशी जुळवून घ्या. पेटी क्वचितच ४४० हर्ट्झच्या प्रमाण मापात नेमकी असते, बहुधा थोडी चढी किंवा उतरी. पेटीचे सूर तुम्हाला घरी बदलता येत नाहीत. अ‍ॅपमधला तंबोरा मात्र सेंटच्या हिशेबात वर-खाली करता येतो, शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट. तुमची पट्टी काळी एक असेल तर पेटीवर तोच सा दाबून ठेवा आणि तंबोऱ्याचा सा हलवत जा. दोन सुरांमधली 'वंव-वंव' अशी लाट हळू होत होत थांबली की जुळलं. तो आकडा वहीत लिहा. मग पखवाज पेटीला लावायचा. हा क्रम उलटा झाला की तीन रविवारांनी कळतं की तंबोरा आणि पेटी आठ सेंटनी वेगळे आहेत आणि कशामुळे खुपतंय ते कुणालाच सांगता येत नाही.

गाइडच्या सुरुवातीला दहा सेकंद सगळे गप्प बसा. खोलीची ती शांतता नंतर जोडकामात उपयोगी पडते. मग कुणीतरी लयीत चार टाळ्या द्या. मुखडा समेच्या आधी उठतो, त्यामुळे नंतर एकट्याने वाजवणाऱ्याला कुठे शिरायचं ते या चार टाळ्यांनी कळतं.

यानंतर पहिला खरा ट्रॅक पखवाजाचा. काका हेडफोनमध्ये गाइड ऐकत वाजवतील. दोन माइक, दोन्ही तोंडांपासून वीतभर ते दीड वीत अंतरावर, पुडीच्या मध्यावर रोखलेले नकोत, कडेकडून थोडे तिरके. हात माइकला लागणार नाही इतपत जागा ठेवा. रेकॉर्ड करून दोन्ही ट्रॅक एकत्र ऐका आणि एका ट्रॅकवरचं फेज उलटवायचं बटण दाबून बघा. ज्या स्थितीत धुम जास्त भरीव वाटेल ती ठेवा. दोन माइक एकमेकांच्या विरुद्ध हलत असतील तर खालचा सूर एकमेकांना खाऊन टाकतो, आणि लोक बिचाऱ्या पखवाजाला दोष देतात.

पखवाजाची एक गोष्ट मी फार उशिरा शिकलो. एकदा उन्हाळ्यात एका ज्येष्ठ वादकाचे पाच टेक घेतले, दीड तासात. पहिल्यातली सुरुवात आणि पाचव्यातला शेवट जोडायला बसलो. लय जुळली, सूर जुळला, पण जोडावर पखवाज एकदम दुसराच वाटे. हेडफोन लावून तासभर माइक, केबल, फिल्टर सगळं तपासलं. दुसऱ्या दिवशी ते वादक स्वतः ऐकायला आले आणि अर्ध्या मिनिटात म्हणाले, "कणीक वाळली होती हो." डाव्या पुडीवर थापलेली ओली कणीक तासाभरात सुकते, हलकी आणि कडक होते, आणि धुमचा गोलावा जातो. तेव्हापासून दर वीस-पंचवीस मिनिटांनी थांबतो, कणकेला पाण्याचा हात लावायला सांगतो, आणि प्रत्येक टेकच्या सुरुवातीला फक्त चार 'धा' वाजवून घेतो. पहिल्या टेकच्या चार 'धां'शी ते ताडून बघायचे, जुळले तरच पुढे. तुमच्याकडे दमट हवा आहे, कणीक हळू वाळेल, पण पुडी उतरेल. मधूनमधून सूर तपासायला विसरू नका.

पेटीसाठी माइक कुठे ठेवायचा हे पुस्तकात शोधू नका. मुलीला वाजवायला सांगा, एक कान बोटाने बंद करा आणि दुसरा कान पेटीभोवती फिरवा. भात्याजवळ फुसफुस, पट्ट्यांजवळ खटखट, आणि वरच्या बाजूला हात-दीड हात उंचीवर कुठेतरी सूर एकसंध ऐकू येतो. तिथे माइक, तोंड खाली. भाता हळू मारायची सवय तिला आधीच लावा. एकट्या पेटीच्या ट्रॅकवर भात्याचा प्रत्येक धक्का ऐकू येतो.

आवाज शेवटून दुसरा. माइक तोंडापासून दीड वीत, किंचित बाजूला, म्हणजे 'प' आणि 'भ' ची हवा थेट त्यावर आदळत नाही. भरतकामाच्या रिंगवर जुना नायलॉनचा मोजा ताणून मध्ये धरलात तरी चालतं. अगदी जवळ गेलात तर आवाज जाडजूड, भारदस्त होतो. मोह होतो, पण विठ्ठलाचा 'ठ्ठ' त्यात बुडतो. हेडफोन एका कानावरून सरकवून ठेवा. दोन्ही कान बंद करून गाणारा हमखास थोडा बेसूर होतो, कारण त्याला स्वतःचा गळा हवेतून ऐकू येत नाही. उघड्या कानाच्या बाजूचा हेडफोन गालाशी दाबून ठेवा, नाहीतर त्यातला गाइड माइकमध्ये झिरपेल.

गाताना गाइडमधला तुमचाच जुना आवाज बंद करा. पखवाज, पेटी, तंबोरा पुरेत. तीन पूर्ण टेक घ्या, ओळी-ओळीचे तुकडे पाडू नका. नंतर तिन्हींतून चांगल्या ओळी निवडता येतात. जोड नेहमी श्वासाच्या आधी, आणि श्वास त्याच्या पुढच्या ओळीचाच ठेवा. श्वास कापून टाकलेला अभंग ऐकणाऱ्यालाही गुदमरवतो.

टाळ सर्वात शेवटी, एकटे, माइकपासून निदान पाच-सहा फुटांवर. जवळून घेतलेले टाळ सुईसारखे टोचतात. फोनवर तुमचा आवाज मागे पडत होता त्याचं मोठं कारण हेच: टाळाच्या प्रत्येक घावाला फोन घाबरून स्वतःच आवाज कमी करायचा आणि गळा त्यात दबायचा.

मिक्सिंगचं फार सांगत नाही, तो वेगळा विषय आहे. आवाज आणि पखवाज मध्यावर, पेटी किंचित एका बाजूला, टाळ किंचित दुसऱ्या बाजूला. गळ्याच्या ट्रॅकवर ऐंशी हर्ट्झच्या खालचं काढून टाका, तिथे फक्त खोलीची घरघर असते. आधी तंबोरा आणि गळा, मग एकेक वाद्य आत आणा. घुमारा (सॉफ्टवेअरमधला रिव्हर्ब) एकच ठेवा, मंडपाइतका, आणि सगळ्यांना त्यातच थोडं-थोडं पाठवा. प्रत्येकाला वेगळा घुमारा दिला तर वेगवेगळ्या वेळी वाजवलेले लोक वेगवेगळ्या घरांत बसल्यासारखे ऐकू येतात.

फाइलींबद्दल एकच काळजी. उद्या परदेशातल्या कुणा नातेवाइकाने व्हायोलिन वाजवून पाठवतो म्हटलं, तर त्याला ४८ किलोहर्ट्झ आधीच कळवा आणि सगळे ट्रॅक शून्य सेकंदापासून सुरू होणारे मागा. त्याची फाइल ४४.१ ची असेल आणि कुठेतरी ती तशीच ४८ ने वाजली, तर काळी एकचा सा पांढरी दोनच्या पुढे आणि काळी दोनच्या अलीकडे कुठेतरी जातो, लयही जवळजवळ नऊ टक्के वाढते. आणि दर रविवारी रात्री पूर्ण फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवा, तारखेच्या नावाने.

पहिल्या रविवारी अख्खा अभंग हातात घेऊ नका. धृपद आणि एकच कडवं. गाइड, पखवाज, पेटी, गळा, टाळ, सगळा क्रम त्या दोन मिनिटांवर करून बघा. सोमवारी सकाळी ताज्या कानांनी ऐका. कुठे खुपलं तर मिक्स पाठवू नका, त्यावरून काही कळत नाही. गाइड आणि पखवाज एवढे दोनच ट्रॅक पाठवा, सुरुवातीच्या चार टाळ्यांसकट.